माथ्यावर जायचं की नाही, हे कुणी ठरवायचं?

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात उलुरू नावाचा वालुकाश्माचा डोंगर सपाटीवर ३४८ मीटर उंच उभा आहे. खडकातलं लोह गंजून तो तांबडा झालाय. २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढायला बंदी आहे. पायथ्याची प्रदक्षिणा घाला, माथा नाही. पर्यटकांनी कुरकुर केली. पण तिथल्या अनंगू लोकांसाठी चढणीची ती वाट पूर्वजांची पवित्र वाट आहे. शिवाय तिथे चढताना ३५हून अधिक माणसं दगावली आणि भूमीचे राखणदार म्हणून त्या मृत्यूंचा भार त्यांच्याच मनावर राहिला.

मग हाच नियम मध्य प्रदेशातल्या महादेवाच्या चौरागडाला का नको? तोही वालुकाश्माचा, तोही पवित्र, तोही पचमढीच्या संरक्षित रानातला. रायपूरपासून नागपूरपर्यंतचा मुलूख ज्या मध्य प्रांतात होता, त्याची पचमढी ही उन्हाळी राजधानी होती. पण विदर्भातला माणूस तिथे हवा खायला जात नाही. महाशिवरात्रीला तो नवसाचा त्रिशूळ खांद्यावर घेऊन हजारावर पायऱ्या चढतो. कुणाचा त्रिशूळ वीतभर, कुणाचा इतका जड की आळीपाळीने खांदा द्यावा लागतो; माथ्यावर त्यांचे ढीगच्या ढीग साचलेत. उलुरूवर न चढणं ही श्रद्धा, इथे चढणं हीच श्रद्धा. उलुरूचा नियम उचलून इथे लावला, तर अनंगूंची बाजू घेतल्यासारखं दिसेल, पण त्यांचं म्हणणं आपल्याला कळलंच नाही असा त्याचा अर्थ होईल.

वाघाच्या रानात एवढी गर्दी कशाला, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याचं उत्तर जवळच्याच नागद्वार यात्रेत सापडतं: नागपंचमीच्या सुमाराचे मोजके दिवस वाट उघडते, एरवी बंद. बंदीपेक्षा अशी मुदत लोक मानतात, कारण त्यात त्यांच्या देवाचा मान राहतो. प्लास्टिकला मात्र कसलीच सवलत नको.

अडचण दुसरीकडेच आहे: नियम ठरवतं कोण? उलुरूची जमीन १९८५ मध्ये अनंगूंच्या नावावर झाली आणि उद्यानाने ती त्यांच्याकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. बंदीचा निर्णय घेणाऱ्या मंडळातही बहुमत त्यांचंच. इकडे चौरागडाभोवतीच्या सातपुड्यात व्याघ्र प्रकल्पासाठी गावं उठली, त्यांत कोरकू आदिवासींचीही होती. महादेव त्यांचाही आहे. यात्रेचे नियम ठरवणाऱ्या बैठकीत पहिली खुर्ची त्यांना मिळायला हवी, आणि हा आग्रह आपण यात्रेकरूंनीच धरायला हवा.