परमुलखात एकटे उतरणारांची तयारी

परदेशगमन शास्त्रसंमत आहे किंवा नाही, ह्या प्रश्नावर एके काळी आमच्या पत्रांतून रकानेच्या रकाने भरत असत, आणि विलायतेहून परतलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त घेतल्यावाचून पंक्तीस बसू देत नसत. तो वाद आज कोणाच्या स्मरणातही उरलेला नाही. ज्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांनी समुद्रापलीकडे पाऊल टाकण्यास बंदी केली, त्याच घराण्यांतील मंडळी आता राहते घर तारण ठेवून मुलामुलींस लंडनास धाडीत आहेत. हे इष्टच झाले. आमची तक्रार निराळी आहे. रूढीचा अडसर निघाला, पण त्याच्या जागी तयारी म्हणून जी यावयास पाहिजे होती ती आली नाही.

तयारी होत नाही असे कोण म्हणेल? लोणच्याच्या बरण्या, मेतकूट, भाजणी, कुकर आणि देवाचा अंगारा, इतके सर्व पेट्यांत व्यवस्थित भरले जाते. परंतु ज्या चिरंजीवांनी बाविसाव्या वर्षापर्यंत स्वतःचे जेवलेले ताट उचललेले नाही, त्यांस त्या कुकरात काय घालावयाचे हे ठाऊक आहे काय, अशी चौकशी कोणी करीत नाही. मुलीस रांधता येते, पण तिला एकटीने कधी बँकेत पाठविलेले नसते. एकास अन्नाचे परावलंबन, दुसरीस व्यवहाराचे! दोन्ही दोष घरातले आहेत. विमानात बसविल्याने ते जात नाहीत.

पूर्वीच्या प्रवाशांचे गोडवे आपण पुष्कळ गातो. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कास उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते. परंतु धक्क्यावर त्यांना उतरून घेण्यास रोझेल गावच्या कार्पेंटरबाई आलेल्या होत्या. दोघींनी एकमेकींस कधी पाहिले नव्हते. स्नेह जडला तो केवळ पत्रांनी. हा एक धागा अगोदर विणलेला होता म्हणून पुढचे सर्व शक्य झाले. १८८६ च्या मार्चात त्या फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास क्षयाने वारल्या. २२ वे वर्षही पुरे झाले नव्हते. तेथील थंडी आणि पोटात जाणारे अपुरे अन्न ह्यांनी त्या शरीराची काय दशा केली, हा भाग आमचे व्याख्याते दोन वाक्यांत उरकतात. वास्तविक जाणाऱ्याच्या उपयोगाचा तोच आहे.

मोहनदास गांधी १८८८ साली लंडनास गेले, ते बोटीवरून पांढऱ्या फ्लॅनेलच्या पोशाखात उतरले आणि सभोवार पाहतात तो तसा पोशाख केलेले ते एकटेच! पुढे शाकाहाराची पंचाईत पडून कित्येक दिवस अर्धपोटी गेले. पण त्यांनी पै-पैचा हिशेब लिहिला, गाडीभाडे वाचविण्यास पायी चालण्याचा परिपाठ ठेवला आणि फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी खाणावळ शोधून काढली. आमच्या व्यापारी वाचकांस ह्यातील मर्म सांगावयास नको.

आजचे लंडन त्याहून सोयीचे आहे, तथापि नवख्यास फसविणारे तितकेच आहे. तेथील बसगाडीत २०१४ सालापासून रोख पैसे घेत नाहीत, हे न कळल्यामुळे पहिल्याच दिवशी पुष्कळांची फजिती होते. ती हसण्यावारी न्यावी. खोलीचे प्रकरण मात्र हसण्यासारखे नाही. छायाचित्रे पाहून येथूनच अनामत रक्कम पाठवावी आणि तेथे गेल्यावर त्या पत्त्यावर घरच नसावे, किंवा घर असून त्यात दुसरेच कोणी राहत असावे, अशी फसवणूक वारंवार होते. पहिले पंधरा दिवस विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा साध्या उतारशाळेत काढून, खोली डोळ्यांनी पाहून मगच पैसे द्यावे. इंग्लंडातील २०१९ च्या कायद्याने साधारण भाडेकरूकडून पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. प्रकृतीच्या बाबतीत तर आमची मुले पैसे भरून उपाशी राहतात. परवान्याबरोबर आरोग्यसेवेचा आकार, जो २०२४ साली विद्यार्थ्यास वर्षाला ७७६ पौंड असा ठरला, तो आधीच घेतला जातो. आणि तरीही मोहल्ल्याच्या डॉक्टरकडे नाव नोंदविण्याचा आळस करून ती घरून नेलेल्या गोळ्यांवर महिना काढतात.

आणि परवान्यासाठी सल्ला देणारे जे दलाल आमच्या शहरांतून पाट्या लावून बसले आहेत, त्यांपैकी अनेकांस दलाली विद्यापीठांकडून मिळते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. आडत्या कोणाचा, हे विचारल्याशिवाय आपण गुळाची एक ढेप तरी विकतो काय?

एक गोष्ट लिहिताना लाज वाटते. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते लंडनातील १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन त्याचे स्मारक केले. आमची मुले तेथे जातात, छायाचित्र काढवितात. आणि त्यांतलीच काही, खोलीत भागीदार घेताना येणाऱ्याचे आडनाव विचारतात, ते पुरले नाही तर गाव विचारतात, तेही पुरले नाही तर मांसाहाराचा विषय काढतात, असे आमच्या कानी येते. सातासमुद्रांपलीकडे नेण्यास दुसरे सामान नव्हते काय?

डिसेंबरात लंडनचा सूर्य चार वाजण्यापूर्वीच मावळतो. त्या अंधारात एकटे मूल घरी बोलते, ते काय बोलते? ‘मजेत आहे.’ कारण पलीकडून पहिला प्रश्न नोकरीचा असतो आणि दुसरा कर्जाच्या हप्त्याचा. पदवीच्या विद्यार्थ्यास सत्र चालू असता आठवड्यास २० तासांहून अधिक काम करण्याची मुभा नाही. बापाने ‘थोडा हातभार लाव’ म्हटले की मुलगा चोरून अधिक काम करतो आणि त्यापायी परवानाच धोक्यात येतो. वाईट बातमी ऐकून घेण्याची शक्ती ज्या आईबापांपाशी नाही, त्यांनी मुलास इतक्या दूर पाठविण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, ‘ज्याचे मूल त्याने पाहावे, ह्यात गावाने काय करावे?’ पूर्वी आमच्या पेठेतील व्यापारी परगावी माल धाडी, तर तेथे आधी आडत्या नेमी, ओळखीच्या पेढीवर हुंडी करी आणि मगच गाडी जुंपी. पोटच्या मुलासाठी इतकेही करू नये काय? लंडनात महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. त्याचा पत्ता मुलाच्या खिशात असावाच. शिवाय आपल्या शहरातून तेथे पूर्वी गेलेल्यांची एक नोंदवही कोणत्याही वाचनालयात, त्यांच्या संमतीने, ठेवता येईल. विमानतळावर भेटणारा एक मनुष्य, पहिल्या रविवारी जेवावयास बोलावणारे एक घर, आणि अडल्यास तीन महिन्यांच्या वायद्याने उसने देणारा एक निधी, एवढाच तिचा व्याप. व्यापारी मंडळांनी आणि गणेशोत्सवाच्या चालकांनी वर्गणीचा लहानसा हिस्सा इकडे वळविला तर निधीस अडचण पडू नये. तेथील काही विद्यापीठांची दुसरी सत्रे जानेवारीत सुरू होतात. ही वही त्याआधी उघडावी.