जुन्या ट्रॅक्टरास नवे इंजिन

वीस-पंचवीस वर्षे राबलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन तेल खाऊ लागते व धूर ओकू लागते. परंतु त्याचा गिअरबॉक्स पुष्कळदा सुस्थितीत असतो. अशा वेळी नव्या धर्तीचे, अधिक अश्वशक्तीचे इंजिन बसवावे, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कल्पना नवी नव्हे. इंग्लंडमध्ये १९४८ पासून फोर्डसन मेजर ट्रॅक्टर पर्किन्स पी-६ या डिझेल इंजिनासह मिळू लागला. तेथे मात्र इंजिनाची जुळणी कारखान्याच्या स्तरावर ठरलेली होती.

जीपचे इंजिन सांगाड्यावर टेकलेले असते. बहुतेक ट्रॅक्टरांस वेगळा सांगाडाच नसतो. इंजिनाचे ओतीव अंग हाच त्यांचा कणा होय. पुढील आसाचा भार व नांगराचा ताण त्यातूनच जातो. म्हणून मोटारीचे इंजिन कितीही उत्तम असले, तरी ते येथे उपयोगाचे नाही. शिवाय इंजिनाचा दांडा व गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत नसल्यास क्लच व बेअरिंग लवकरच निकामी होतात. मधली जोडपट्टी अंदाजाने कापून चालत नाही. ती लेथवर मापाने करावयास हवी.

सर्वांत मोठी चूक अश्वशक्तीच्या आकड्याने होते. १५०० फेऱ्यांस ३० अश्वशक्ती देणाऱ्या जुन्या इंजिनाचा पीळ सुमारे १४.३ किलोग्रॅम-मीटर असतो. २००० फेऱ्यांस ३५ अश्वशक्ती देणाऱ्या नव्या इंजिनाचा पीळ त्या वेगास १२.५ इतकाच भरतो. गिअर तेच राहिल्यास नवा ट्रॅक्टर धावेल अधिक, पण त्याच गिअरात ओढील कमी! विकणारा हे सांगत नाही.

फेऱ्यांचा दुसरा परिणाम अधिक धोक्याचा आहे. जुन्या इंजिनाच्या १५०० फेऱ्यांस पी.टी.ओ. ५४० फेरे घेत असेल, तर नवे इंजिन २००० फेऱ्यांवर चालविताच तो ७२० फेरे घेईल. ५४० फेऱ्यांसाठी बनविलेल्या मळणी यंत्राचा ढोल त्या वेगास फुटू शकतो, आणि जवळ उभ्या असलेल्या मजुरांच्या जिवावर बेतते. रस्त्यावरील वेगही एक-तृतीयांशाने वाढतो. ब्रेक मात्र जुनेच असतात. याउलट पीळ फार वाढल्यास गिअरचे दाते तुटतात.

५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ निकष लागू झाले. त्या पिढीतील विद्युत-नियंत्रित इंजिन घ्यावयाचे झाल्यास नियंत्रक पेटी, संवेदक व संपूर्ण वायरिंग त्याच ट्रॅक्टरचे मिळाले पाहिजे. तुटक्या वायरींसह भंगारातून आणलेले इंजिन सुरूच होत नाही. रेडिएटर व हवा गाळणीही नव्या इंजिनाच्या मापाची लागते.

ही सर्व आकडेमोड करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये इंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. निर्मात्याच्या मूळ वैशिष्ट्यांत फरक पडेल असा फेरफार करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. त्यामुळे भिन्न बनावटीच्या इंजिनास मान्यता मिळणे कठीण असते, आणि नोंदणीपुस्तकातील इंजिन क्रमांक न जुळल्यास अपघातानंतर विम्याची रक्कमही अडकू शकते. ग्रामसेवकाने शेतकऱ्यास प्रथम त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन सुचवावे, अथवा जुन्याच इंजिनास नवे स्लीव्ह, पिस्टन व रिंगा घालून घेण्याचा खर्च काढून द्यावा. लेखी मान्यता हाती येईपर्यंत विसार देऊ नये.