चिनी भाषेसाठीं परदेशीं

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तेथील लोकांत राहूनच चिनी शिकले. वरणगांवच्या एखाद्या मुलाला त्या भाषेसाठीं परदेशीं पाठवावयाचें झाल्यास पालकांनीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली लिपि: चीनमध्यें सोपीं केलेलीं अक्षरें, तर तैवानांत जुनीं पूर्ण अक्षरें चालतात. दुसरी वय: तैवान सरकारची भाषा-शिष्यवृत्ति १८ वर्षें पुरीं झाल्यावरच मिळते, त्याहून लहानांसाठीं उन्हाळी वर्ग शोधावे लागतात. तिसरी, आणि महत्त्वाची, निवास. चिनी भाषेंत चार सूर आहेत. सूर चुकला कीं ‘मा’ म्हणजे आई न राहतां घोडा होतो! हे सूर पुस्तकानें नव्हे, सहवासानें कानांत बसतात. म्हणून तेथील कुटुंबांत राहण्याची सोय आहे काय, हें आधीं विचारावें.