श्टुटगार्टमध्ये उतरता उजेड

श्टुटगार्ट, ऑक्टोबरअखेर

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकांना या शहराचं नाव नवं नाही. मर्सिडीजचं घर इथलं. नव्वदच्या दशकात टेल्कोच्या सोबतीने पिंपरीत सुरू झालेलं तिचं काम २००९ मध्ये चाकणला गेलं, आणि तेव्हापासून आपल्या भागातली माणसं इकडे ये-जा करतात. कारखाना बघतात, संग्रहालय बघतात आणि परततात. ऋतू बघायचा राहून जातो, म्हणून हे पत्र.

दिवस तेच, पण आपला शरद आणि इथला शरद एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. आपल्याकडे पाऊस ओसरतो, आभाळ धुऊन निघतं, कोजागरीचं चांदणं पडतं. झाडं हिरवीगार असतात. आपली पानगळ येते ती शिशिरात. इथे मात्र ऑक्टोबरभर दिवस रोज तीनेक मिनिटांनी आखडतो. महिनाअखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम तीस अंश चढतो. चाकणला तो याच सुमारास साठ अंशांच्या आसपास असतो. उजेड कमी झाला की झाडं पानांतलं हरितद्रव्य मोडून त्यातलं कामाचं ते खोडात ओढून घेतात. मग पानात आधीपासून दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र काही झाडं याच दिवसांत नव्याने तयार करतात.

फोटो काढणाऱ्याला हा तिरपा उजेड म्हणजे पर्वणी. आपल्याकडे सकाळी नऊनंतर कॅमेरा पिशवीत ठेवावा लागतो, इथे धुकं विरलं की संध्याकाळपर्यंत सावल्या लांबच लांब. पानाला पाठीमागून ऊन लागलं की त्याची शीर न् शीर दिसते. माझी आवडती जागा रोटेनबर्गची टेकडी. राजा विल्हेल्म पहिला याने राणी काथारिनासाठी १८२० ते १८२४ या काळात बांधलेली समाधी तिच्या माथ्यावर आहे. उतारावर पिवळे पडलेले द्राक्षमळे आणि खाली उंटरट्युर्कहाइमच्या कारखान्याची छपरं. भामचंद्र डोंगरावरून चाकण एमआयडीसी ज्याने पाहिली आहे, त्याला इथे परकं वाटणार नाही. नदीपलीकडच्या वांगेनमध्ये १९३४ साली कोडॅकचा रेटिना कॅमेरा तयार झाला आणि त्याच्याबरोबर उजेडातही भरता येणारी ३५ मिलिमीटर फिल्मची डबी आली. आपल्या स्टुडिओवाल्यांनी ‘रोल’ म्हणून वर्षानुवर्षं वापरली ती हीच.

एक गोष्ट नव्याने येणाऱ्याने जपावी. माणसांवर कॅमेरा रोखू नये. १८९८ मध्ये दोन छायाचित्रकार बिस्मार्कच्या मृत्युशय्येपाशी चोरून शिरले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. त्यावरून माजलेल्या संतापातून १९०७ चा कायदा आला: ओळखू येणाऱ्या माणसाचं चित्र त्याच्या संमतीविना प्रसिद्ध करता येत नाही, थोडे अपवाद सोडले तर. लोक हे मनापासून पाळतात. मला ते पटतं. आपल्या लग्नांत, जत्रांत कुणाचाही चेहरा सहज फोनवर फिरतो, तेव्हा हा संकोच आपणही शिकावा असं वाटतं.

फिरताना कानात वसंतराव देशपांड्यांचा मारवा असतो. मारवा दिवस मावळतानाचा राग, आणि दिवस मावळायला इथे खूप वेळ लागतो. चाकणला सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. इथे संधिप्रकाश अर्धा तास रेंगाळतो. षड्जाला टाळत राहणारा तो राग या लांबलेल्या उजेडात पूर्ण मावतो. पण घड्याळ आपल्या समयचक्राला जुमानत नाही. जूनमध्ये सूर्यास्त रात्री साडेनऊला, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाच वाजताच. म्हणून मी घड्याळ सोडून खिडकीबाहेर बघून राग निवडते.

इथल्या लोकांचा शरद आधी सुगीचा आहे. संगीतकार हायडनच्या १८०१ च्या ‘ऋतू’ या रचनेत शरदाच्या भागात शिकार आहे आणि द्राक्षांच्या हंगामाचा दणकेबाज समूहस्वर आहे. आजही द्राक्षबागायतदार दारावर झाडू टांगतो; म्हणजे त्याच्या घरी नवी वाइन मिळते. नोव्हेंबर उजाडला की सूर बदलतो. एक तारखेला सर्व संतांचा दिवस, सुट्टीचा. लोक दफनभूमीत दिवे लावतात. महिनाअखेरीच्या मृतांच्या रविवारी चर्चमधून ब्राह्म्सचं ‘जर्मन रेक्विएम’ हे समूहगान गायलं जातं. गाणारे पुष्कळदा हौशी असतात, आठवडाभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणारे. चिंचवडच्या भजनी मंडळांत वाढलेल्या माणसाला त्यांच्यात बसायला अवघड जात नाही.

नोव्हेंबरात प्रशिक्षणाला येणार असाल तर जाड बूट आणा आणि रविवारची सकाळ रोटेनबर्गसाठी राखून ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, मग भारत साडेचार तास पुढे. चिंचवडला दिवाळी पहाटेचा पहिला सूर साडेपाचला लागला, तर इथे रात्रीचा एक वाजलेला असतो. पहाट थेट ऐकायची असेल तर दुसऱ्या दिवशी पहिली पाळी घेऊ नका.