बाळंतविडा शिवताना

दिवाळी सरून थंडी पडू लागली की घरोघरी लोकरीचे गुंडे आणि जुन्या सुती साड्या बाहेर निघतात. त्यातून लेक बाळंतपणाला माहेरी आली असेल तर विचारायलाच नको! झबली, टोपडी, कुंची, दुपटी, पायमोजे, मऊ गोधडी असा सारा बाळंतविडा आजीच्या हातून तयार होतो. बाजारात तयार कपडे हवे तेवढे मिळत असतानाही ही हौस टिकून आहे, याचा डॉक्टर म्हणून मला आनंदच वाटतो. मात्र शिवताना काही गोष्टींचे भान ठेवायला हवे.

नवजात बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. उघड्या, ओल्या डोक्यातून ऊब भराभर निघून जाते. कमी वजनाचे बाळ तर लवकर गार पडते, सुस्त होते, दूध ओढत नाही. म्हणून पहिल्या दिवसांत टोपडे आणि पायमोजे औषधाइतकेच मोलाचे आहेत.

अंगालगत मात्र सुती कापड हवे. अनेकदा धुतलेली जुनी साडी मऊ असते आणि घाम टिपते. लोकर थेट अंगाला लागली तर नाजूक त्वचेवर पुरळ उठते. तेव्हा आत झबले आणि वर स्वेटर. नवे असो वा जुने, कापड धुऊन, उन्हात वाळवूनच वापरावे.

आता एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी दीड-दोन महिन्यांचे एक बाळ दवाखान्यात आणले. दुपारपासून सारखे रडत होते. पोट दुखत असेल म्हणून घरी हिंग लावून झाला होता. पोट, कान, घसा तपासले, काही सापडेना. पायमोजा काढला तेव्हा पायाचे एक बोट लालबुंद, टरटरून सुजलेले दिसले. मोज्याच्या आतला सुटा धागा बोटाभोवती आवळला गेला होता. भिंगाखाली तो कापून काढला आणि बोट वाचले. असा फास बराच काळ राहिला तर रक्तपुरवठा बंद पडून बोट गमवावे लागते. मोजा बाहेरून अगदी सुबक होता. आजीबाई मोजे फेकून द्यायला निघाल्या. मी म्हटले, "टाकू नका. उलटे करा, आतले धागे कापा आणि टोके पक्की शिवून टाका."

हाच नियम सर्व कपड्यांना लावावा. बाळाला घालण्यापूर्वी प्रत्येक मोजा, हातमोजा उलटा करून पाहावा. बाळ रडायचे थांबत नसेल तर हातापायांची बोटे अवश्य तपासावीत. कुंचीचे बंद आखूड ठेवावेत आणि गळ्याशी बांधून बाळाला झोपवू नये. मणी, टिकल्या, सैल बटणे लावू नयेत. ती सुटून तोंडात जातात. सेफ्टी पिन तर नकोच. गोधडी बाळाच्या तोंडावर येणार नाही अशी पांघरावी.

ऊब हवी म्हणून बाळाचे गाठोडेही करू नये. आपल्या अंगावर जेवढे कपडे, त्याहून एक थर जास्त, एवढे पुरे. मानेला हात लावून पाहावा. ती घामेजली असेल तर एक कपडा कमी करावा.

हे झाले कपडा घालणाऱ्याचे. आता शिवणाऱ्या हातांकडे वळू. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येईना झाला की चष्मा लागला असे समजावे. चष्मा लावूनही धुरकट दिसत असेल किंवा दिव्याभोवती वलये दिसत असतील तर मोतीबिंदू, काचबिंदू यांची तपासणी करून घ्यावी. उजेड खांद्यावरून कामावर पडेल असे बसावे. दर अर्ध्या तासाने काम खाली ठेवून मान, खांदे मोकळे करावेत आणि दूरवर पाहावे.

अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येतात, रात्री त्याने जाग येते, हात झटकला की बरे वाटते, अशी तक्रार विणकाम करणाऱ्या बायका पुष्कळदा सांगतात. मनगटातील नस दाबली गेल्याचे हे लक्षण आहे. विणकामाला थोडी विश्रांती द्यावी. मधुमेह आणि थायरॉईडही तपासून घ्यावे. दुखणे अंगावर काढल्यास अंगठ्याची ताकद कमी होते.

सुया मोजून डबीत ठेवाव्यात. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्या माणसाला सुई टोचल्याचे कळतही नाही, आणि जखम चिघळते. सुई आत मोडल्यास घरी कोरत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

शेवटी एक विचारावेसे वाटते. नातवंडांसाठी दर वर्षी विणणाऱ्या किती आजींच्या अंगावर स्वतः विणलेला स्वेटर असतो? वय वाढते तशी शरीराची ऊब राखण्याची शक्ती कमी होते, आणि थंडी वाजल्याचेही उशिरा कळते. तेव्हा आजीबाई, बाळाचे मोजे झाले की उरलेल्या लोकरीतून स्वतःसाठीही एक जोडी विणायला घ्या. फरशीवर घसरू नये म्हणून ती घालून चालताना वर चप्पल मात्र घाला.