शाई यंत्रात नव्हतीच

अमेरिकेत त्याला ‘डिट्टो’ म्हणत, ब्रिटनमध्ये ‘बांडा’, ऑस्ट्रेलियात ‘फोर्डिग्राफ’. नावं ब्रँडची, यंत्र एकाच जातीचं: स्पिरिटवर चालणारा डुप्लिकेटर. हँडल फिरवायचं, एका बाजूने कोरा कागद आत जायचा आणि दुसऱ्या बाजूने जांभळ्या अक्षरांची किंचित ओलसर प्रत बाहेर यायची. 1923 साली विल्हेल्म रित्झरफेल्ड या जर्मन माणसाने तो शोधला. पुढची पन्नास-साठ वर्षं या देशांतल्या शाळांच्या चाचण्या, चर्चची पत्रकं, छोट्या मंडळांची बातमीपत्रं त्याच्यावर निघत राहिली. आज त्याच्याविषयी जे सांगितलं जातं त्यात बरीच गल्लत असते, आणि बहुतेक गल्लतीचं मूळ एकच. लोकांच्या आठवणीत यंत्र राहतं, त्यावर चढवलेला कागद राहत नाही. खरी करामत त्या कागदाची होती.

“म्हणजे आपलं सायक्लोस्टाईलच की!”

महाराष्ट्रात हा गैरसमज होणारच. इथल्या कचेऱ्यांना, शाळांना, युनियनच्या ऑफिसांना ओळखीचं होतं ते सायक्लोस्टाईल. 1950च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं तेही सायक्लोस्टाईलवरच. त्यामुळे हाताने फिरवायचं, प्रती काढणारं कुठलंही जुनं यंत्र दिसलं की आपण तेच नाव देऊन मोकळे होतो.

पण दोन्हींचं तत्त्व अगदी उलट आहे. सायक्लोस्टाईलचा स्टेन्सिल म्हणजे मेणाचा थर दिलेला, पातळ पण चिवट कागद. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची आणि नुसत्या खिळ्यांनी त्यावर अक्षरं ठोकायची. खिळा बसतो तिथलं मेण सरकतं आणि अक्षराच्या आकाराची वाट मोकळी होते. शाई ड्रमच्या आत असते, घट्ट आणि तेलकट. ती या वाटेने झिरपून कागदावर उतरते. शाई संपली तर आणखी भरा, स्टेन्सिल फाटेपर्यंत छापत राहा. टंकलेखक जरा जोरकस असला की ‘०’ची टिकलीच गळून पडायची आणि प्रत्येक प्रतीवर शून्याच्या जागी काळा ठिपका उमटायचा, तो भाग वेगळा.

स्पिरिट डुप्लिकेटरच्या ड्रममध्ये शाई नसतेच. टाकीत असतो तो पाण्यासारखा बिनरंगी द्रव, मुख्यतः अल्कोहोलचं मिश्रण. मग अक्षरं जांभळी होतात कशाने? सगळा रंग मास्टरच्या, म्हणजे ड्रमवर चढवलेल्या मूळ कागदाच्या, पाठीवर आधीच लावलेला असतो. आत येणारा कोरा कागद त्या द्रवाने नुसता दमट होतो आणि ड्रमवरच्या मास्टरवर दाबला जातो. अल्कोहोल मास्टरवरचा रंग अगदी इवलासा विरघळवतं आणि तेवढा रंग कागदावर येतो. छिद्र नाही, झिरपणं नाही. हा फरक ध्यानात आला की पुढचे अर्धे गैरसमज आपोआप गळून पडतात.

“त्यात काय, साधा कार्बन घातला की मास्टर तयार”

इथे जरा थांबायला हवं, कारण ‘कार्बन मास्टर’ या नावानेच घोटाळा केला आहे. पावतीपुस्तकात घालतो त्या कार्बनचा रंग काजळीचा किंवा तशाच न विरघळणाऱ्या पुडीचा असतो. ती मेणात आणि तेलात कालवून कागदावर चोपडलेली असते. काजळी अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. साध्या कार्बनने उत्तम मास्टर लिहा, यंत्रावर चढवा, दिवसभर हँडल फिरवा, कागद कोराच येणार. स्पिरिटच्या कार्बनमध्ये मेण असतं खरं, पण रंग असतो अल्कोहोलमध्ये चटकन विरघळणारा, अॅनिलीन कुळातला. काळ्या रंगाच्या स्पिरिट मास्टरमध्येसुद्धा काजळीचं काम नाही. तिथेही विरघळणारा रंगच लागतो.

मास्टरची घडणही वेगळी. वरचा कागद पांढरा, गुळगुळीत, पृष्ठभाग कडक. खालचा रंगाच्या मेणाचा. दोघांच्या मध्ये एक झिरझिरीत टिश्यू, नकळत हात लागून रंग वर चढू नये म्हणून. लिहिण्याआधी हा टिश्यू काढून टाकायचा. नवशिक्या शिक्षकांचा ठरलेला अपघात हाच: टिश्यू तसाच ठेवून पानभर गणितं लिहायची आणि शेवटी कागद उलटून बघावं तर पाठ कोरीकरकरीत.

नेहमीच्या सवयीला सगळ्यात मोठा धक्का पुढेच आहे. पावतीपुस्तकात कार्बनची रंगीत बाजू खाली असते आणि प्रत खालच्या कागदावर उठते. स्पिरिट मास्टरमध्ये रंगीत बाजू वर, लिहिणाऱ्याकडे तोंड करून असते. पेनाचा दाब पडला की मेण खालून वर येतं आणि ज्या कागदावर आपण लिहितो आहोत त्याच्याच पाठीला चिकटतं. वापरायचा तो हाच वरचा कागद. रंग देऊन झालेला खालचा कागद यंत्रावर जात नाही.

यातूनच आणखी एक समजूत निघाली, की मास्टर आरशातल्यासारखा उलटा लिहावा लागे. अजिबात नाही. समोरून सरळ लिहायचं. पाठीवर ते आपसूक उलटं उमटतं, पाठ बाहेर करून मास्टर ड्रमवर अडकवला की कागदावर पुन्हा सुलटं येतं. दोनदा उलटलं की सुलटं, एवढाच हिशेब. चूक दुरुस्त करायची तर मात्र उलट्या अक्षरांशी गाठ पडे. मास्टर पालथा करायचा, चुकलेलं अक्षर उलट्या ओळींतून हुडकायचं, ब्लेडने तेवढं मेण हलकेच खरवडायचं, कार्बनचा न वापरलेला तुकडा तिथे धरायचा आणि पुढून नवं अक्षर ठोकायचं. नुसतं खोडरबर फिरवून किंवा पुढच्या बाजूला काट मारून भागत नसे. पुढची बाजू यंत्राला दिसतच नाही.

“एकदा मास्टर केला की हव्या तेवढ्या प्रती”

साबणाच्या वडीसारखं आहे हे. दर प्रतीला रंगाचा थोडा थर निघून जातो आणि नवा रंग कुठूनही येत नाही. म्हणून पहिल्या काही प्रती गडद, मधल्या ठीक आणि शेवटच्या फिकुटलेल्या. उत्तमातला मास्टरही पाचशेच्या आसपास दम टाकायचा, साध्यातला त्याच्या कितीतरी आधी. प्रती फिकट दिसू लागल्या की यंत्रावरचा दाब किंवा द्रव वाढवता येई. अक्षरं तात्पुरती उठून दिसत, पण रंग तितक्याच वेगाने संपे.

उलट टोकाचा गैरसमजही आहे, की मास्टर एकदाच वापरून फेकून द्यावा लागे. तीस मुलांच्या वर्गाला तीस प्रती काढल्या तर रंग भरपूर शिल्लक राहतो. शिक्षक असा मास्टर टिश्यू लावून फाईलमध्ये ठेवत आणि पुढच्या वर्षी त्यावरच पुन्हा चाचणी काढत. प्रकाशकांनी तर त्याचा धंदाच केला. नकाशे, शब्दकोडी, गणिताचे सराव असलेली पुस्तकं निघाली, ज्यांच्या पानांच्या पाठीवर रंगाचं मेण छापूनच येई. पान फाडा, ड्रमवर लावा, वर्गापुरत्या प्रती काढा. शाळांमध्ये हे यंत्र इतकं टिकलं त्यामागे मला हे कारण फार मोठं वाटतं. सायक्लोस्टाईल हजारांच्या कामाचं, छापखाना त्याहून मोठ्या, आणि शिक्षकाला हव्या असतात तीस-चाळीस प्रती, त्याही उद्या सकाळी. त्याच्या गरजेचं माप आणि मास्टरच्या पाठीवरच्या रंगाचं माप बरोबर जुळलं.

“फक्त जांभळंच निघायचं”

तांबडा, हिरवा, निळा, काळा, सगळे कार्बन मिळत. आणि इथे या साध्या यंत्राने सायक्लोस्टाईलला सरळ मात दिली होती. सायक्लोस्टाईलवर दुसरा रंग हवा तर ड्रम बदला, कागद पुन्हा घाला आणि दोन्ही रंग जागच्या जागी बसावेत म्हणून देवाला हात जोडा. स्पिरिट मास्टरवर चित्र काढता काढता वरचा कागद तसाच ठेवायचा आणि खालचा कार्बन तेवढा बदलायचा. नदी निळ्यावर, सीमा तांबड्यावर, नावं जांभळ्यावर. सगळे रंग एकाच कागदाच्या पाठीवर असल्यामुळे ते एकाच फेरीत, एकमेकांशी तंतोतंत जुळून छापले जात.

तरी आठवण जांभळ्याचीच राहिली, कारण वापर त्याचाच सर्वांत जास्त होता. रंग स्वस्त, भरपूर तीव्र आणि थोड्या मेणात जास्त प्रती देणारा. 1856 साली विल्यम पर्किनने पहिला अॅनिलीन रंग केला तोही जांभळाच. त्यानंतर आलेले मेथिल व्हायोलेट, क्रिस्टल व्हायोलेट हे या कार्बनच्या कुळातले. आपल्याकडे तोंड आलं की जिभेला लावायचं जेन्शियन व्हायोलेट आठवतं? तेही याच घराण्यातलं. हान्स क्रिश्चन ग्राम याने 1884 मध्ये जिवाणू ओळखायची पद्धत बसवली तीही याच जांभळ्यावर. हातांवरचे डाग दिवसदिवस जात नसत यात नवल नाही.

“त्या वासाने मुलांना नशा चढायची”

वास होता, आणि तो मुलांना आवडायचा. 1982च्या ‘फास्ट टाइम्स अॅट रिजमाँट हाय’ या चित्रपटात पेपर हातात पडताच अख्खा वर्ग तो नाकाला लावतो. प्रसंग अतिशयोक्त आहे, खोटा नाही. पण एका कागदावर उरलेलं अल्कोहोल इतकं थोडं आणि इतक्या लवकर उडून जाणारं, की त्याने झिंग येणं कठीण.

म्हणून “काही धोका नव्हता” असं म्हणणारेही चुकतात. धोका होता, पण वर्गात नाही, यंत्राच्या खोलीत. द्रवात बहुधा मिथेनॉल असे. मुंबईत मालवणीला 2015 साली विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं आणि पहिला घाव दृष्टीवर बसतो. प्यायल्यावर होतं ते वाफेने इतक्या झटपट होत नाही, पण कोंदट खोलीत तासन्‌तास प्रती काढणाऱ्याचं काय? 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटच्या शाळांमध्ये शिक्षकांच्या मदतनिसांची पाहणी केली. डोकेदुखी, चक्कर, धूसर दिसणं अशा तक्रारी आढळल्या. श्वासाच्या पातळीवर घेतलेल्या हवेच्या 21 नमुन्यांपैकी 15 मध्ये मिथेनॉल दहा लाखांत 800 भागांच्या वर होतं. पंधरा मिनिटांसाठी संस्थेने शिफारस केलेली ती कमाल मर्यादा. उपाय साधा होता, हवा खेळती ठेवायची. पण यंत्र ठेवायला शाळेत जागा मिळायची ती बहुधा अडगळीचीच.

“जुने कागद आहेत, जपून ठेवले की झालं”

कुणाकडे परदेशातल्या शाळेचे किंवा हौशी मासिकांचे जांभळे कागद असतील तर एवढं ऐकावं. हे रंग उजेडात उडतात. फ्रेम करून भिंतीवर लावलेली प्रत हळूहळू कोरी होते. ओलावा आणि अल्कोहोलचा थेंब तर लगेच डाग पसरवतो. अंधाऱ्या, थंड, कोरड्या जागी ठेवावं आणि वाचता येतंय तोवर एकदा स्कॅन करून घ्यावं. सायक्लोस्टाईलच्या काळ्या शाईला ही चिंता नाही. तिथे अक्षरं तशीच राहतात, कागद पिवळा पडून तुकडे होतात.

“आता हे संपलं”

यंत्र संपलं. फोटोकॉपी स्वस्त झाली, शाळांतली यंत्रं एकामागून एक बाहेर गेली. मास्टरचा कागद मात्र चालू आहे, टॅटूच्या दुकानात. पुण्या-मुंबईतल्या कारागिराकडे गेलात तर जांभळ्या कार्बनचा तोच थर दिसेल: वर पांढरा कागद, मध्ये टिश्यू, खाली मेणाचा रंग. नक्षी गिरवायची, टिश्यू काढायला विसरायचं नाही. त्वचेवर थोडं ओलं द्रव्य चोळायचं आणि कागदाची पाठ तिथे दाबायची. रंग विरघळून त्वचेवर नक्षी उमटते, सुईने ती गिरवायची. काही हौशी मंडळी हाच कागद जुन्या डिट्टो यंत्रावर चढवून पुन्हा प्रती काढतात.

टॅटूवाल्यांकडे आता हाताने गिरवण्याऐवजी उष्णतेवर चालणारं छोटं यंत्रही असतं. ती युक्तीही जुनी, ‘थ्री-एम’च्या ‘थर्मोफॅक्स’ची. छापील किंवा पेन्सिलने काढलेला मूळ कागद मास्टरला लावून इन्फ्रारेड दिव्याखालून सरकवायचा. मूळ कागदावरच्या काळ्या रेघा तापतात आणि तेवढ्याच जागी मेण वितळून पाठीवर चढतं. इथे काजळीची जागा नेमकी उलटी झाली: मास्टरला तिचा उपयोग नाही, पण मूळ कागदावर ती असायलाच हवी. इन्फ्रारेड शोषून तापतं ते तिनेच. इंकजेटवर काढलेलं चित्र काळंभोर दिसलं तरी त्यातला रंग तसा तापत नाही. म्हणून इन्फ्रारेडच्या यंत्रात घालायचं चित्र आधी लेझर प्रिंटरवर किंवा झेरॉक्सवर काढून घ्यावं लागतं.