फुकट सॉफ्टवेअरचा आवाज खरंच ‘पातळ’ असतो का?

‘मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मिक्स केलेलं गाणं पातळ वाजतं,’ हे वाक्य इतक्या ठामपणे फेकलं जातं, की ऐकणारा पुरावा मागायचंच विसरतो. मिक्स करताना सॉफ्टवेअर नेमकं काय करतं? 48 किलोहर्ट्झवर सेकंदाला 48,000 वेळा प्रत्येक ट्रॅकचा आकडा फेडरच्या प्रमाणात गुणतं आणि सगळे आकडे मिळवतं. बेरीज महागड्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी येत नाही. हे घरी तपासता येतं. तेच ट्रॅक ‘आर्डर’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये आणि एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, फेडर शून्य डेसिबलवर, इफेक्ट एकही नको, पॅन पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे. दोन्हीकडून 32 बिट फ्लोट वेव्ह फाइल काढा. ‘ऑडॅसिटी’त एक फाइल ‘इन्व्हर्ट’ करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. शांतता ऐकू येईल. काही उरलंच तर शेवटच्या बिटांतलं, कानाच्या पलीकडचं. मग अनेकांना फरक ऐकू येतो तो कुठून? बहुतेकदा पॅनच्या नियमातून. काही सॉफ्टवेअर मध्यभागी ठेवलेला आवाज 3 डेसिबल खाली आणतात, काही आणत नाहीत. तेवढ्यानं गायकाचा आवाज मागे सरकतो आणि दोष मात्र ‘इंजिन’च्या माथी बसतो. पातळी जुळवल्याशिवाय केलेली तुलना ही तुलनाच नव्हे.

‘मग मोठ्या स्टुडिओंत प्रो टूल्स हेच महागडं सॉफ्टवेअर का?’ हा आक्षेप रास्त आहे. एका स्टुडिओतलं सेशन दुसरीकडे जसंच्या तसं उघडायला हवं असतं. ‘काँटॅक्ट’ या सॅम्पलरच्या वाद्यसंग्रहांवर ज्यांचं काम चालतं, त्यांची लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर खरोखर अडचण होते. व्यावसायिकानं हे आधी तपासावं. पण ही अडचण देवाणघेवाणीची आहे, आवाजाच्या दर्जाची नाही. आर्डर विंडोज आणि मॅकवरही चालतं. स्टुडिओंसाठी मोठे कन्सोल बनवणाऱ्या हॅरिसन कंपनीनं आपलं ‘मिक्सबस’ आर्डरच्याच पायावर उभं केलं. त्यातली इक्यू-कॉम्प्रेसरची प्रक्रिया कंपनीची स्वतःची, पाया मात्र मुक्तस्रोत.

बाकीचे गैरसमज चटकन निकालात काढता येतात. मुक्तस्रोत म्हणजे फुकटच असं नाही: आर्डरचा कोड खुला आहे, तयार आवृत्तीसाठी पैसे मागितले जातात. परवाना कोडला लागू होतो, तुमच्या गाण्याला नाही. ऑडॅसिटी प्रामुख्यानं ध्वनी-संपादक आहे, तिच्यावरून सगळ्यांची परीक्षा करू नये. आणि ‘आपल्या संगीताला हे चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी ‘सर्ज एक्सटी’ हा मुक्तस्रोत सिंथ उघडावा. त्यात सुरांची मांडणी सांगणारी ‘स्काला’ फाइल टाकून प्रत्येक स्वर हव्या त्या श्रुतीवर लावता येतो, हार्मोनियमच्या ठरलेल्या बारा सुरांत अडकावं लागत नाही.